काटे मोडलेले शिंगाळे

रुचिकावर माझा पहिल्या दिवसापासून भरवसा नव्हता. कारण साधं आहे. ती आली, गाडीतून उतरली, माझ्या बापाला वाकून नमस्कार केला आणि लगेच बोलली, "काका, आत्ता तुम्ही होडीकडून चालत आलात ना, तसे परत एकदा येता का? कॅमेरा लागला नव्हता."

बाप गेला आणि परत आला. मग अजून एकदा गेला, कारण मागून कुत्रं आलं. मग अजून एकदा, कारण त्यानं कॅमेऱ्याकडे बघितलं. माझा बाप, रामनाथ, आयुष्यभर खाडीत पाग, म्हणजे हातानं फेकायचं जाळं, टाकत आला, त्याला कोणी चालायला शिकवलं नव्हतं. ते रुचिकानं शिकवलं.

आमचं गाव खारबावच्या पुढं, खाडीच्या काठाला. मी राहनाळला गोडाऊनमध्ये पॅकिंगला जाते. रुचिका पुण्याची, फिल्म करणारी. बापाचं बोलणं तिला अर्धंच कळायचं, म्हणून तिच्याबरोबर फिरायचं काम गावानं माझ्या गळ्यात घातलं. करिष्मा तोंडाची फटकळ आहे, ती बाईवर नजर ठेवील, असं सगळे बोलले. मी ठेवली.

ती कशासाठी आली ते आधी सांगते. गावाच्या वरच्या अंगाला डाईंग आहे, कापड रंगवायचा कारखाना. त्याचं पाणी एका गाडलेल्या पाइपातून खाडीत येतं. पाण्याचा नमुना घ्यायला सरकारी माणसं येतात तेव्हा पाइप कोरडा ठणठणीत. माणसं गेली की खाडीला रंग चढतो. आता कारखान्याच्या शेठला डाईंग दुप्पट करायची होती आणि त्यासाठी गावात जनसुनावणी लागली होती. होळीनंतर एकदा मासे मेले होते. असे मेले की काठ पांढरा दिसत होता. पोरांनी मोबाइलवर व्हिडिओ काढला, तो आम्ही प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात घेऊन गेलो. तिथं दौलतकाका बसलेला. तो बघून हसला आणि बोलला, "साहेब, हा कुठला तरी फॉरवर्ड आहे. आमची खाडी मी ओळखत न्हाय काय?"

दौलतकाका माझ्या बापाचा चुलतभाऊ. डाईंगखालची जमीन त्यानंच विकली, आणि आता डाईंगचे टँकर चालवतो. खाडीतला माणूस बोलतो म्हटल्यावर साहेबांनी आमचा व्हिडिओ बाजूला सारला. म्हणून आम्हाला नीट कॅमेरा, नीट माणूस आणि नीट पुरावा पाहिजे होता. तो मिळाला नाही तर सुनावणीत आमचं कोणी ऐकणार नव्हतं आणि डाईंग दुप्पट होणार होती. एवढीच गोष्ट होती, आणि ती रुचिकाच्या हातात होती. मला झोप कशी लागेल?

ती काय काय करते ते मी बघत होते. काठावरची फुटकी होडी तिनं चौघांकडून उचलून पुढं आणवली, कारण ती "फ्रेममध्ये बोलते". माझ्या आईला बोलली, "काकू, ही साडी फार चमकते. रोजची नेसाल का?"

आई, कमळाबाई, कोळंबी सोलत होती. तिनं मान वर केली नाही. "ही रोजचीच हाय. तुझ्यासाठी नेसले असते तर लग्नातली काढली असती."

"तसं नाही काकू, लोकांना गरिबी कळली पाहिजे."

"मग त्या लोकांना सांग, आमच्याकडे मासं न्हाय. साडी हाय."

कॅमेरा ताबिश धरायचा. तो भिवंडीचाच, टेमघरला त्याचा फोटो स्टुडिओ आहे, लग्नं शूट करतो. मी त्याला एकदा विचारलं की हे सगळं परत परत करून घेणं खोटं नाही का. तो हसला. "आपा, नवरे को मैं तीन बार हार पहनवाता हूँ. एका निकाहात तर माइक बंद राहिला, क़ुबूल है चौथ्यांदा बोलवून घेतलं मी. काझी बघत राहिला. म्हणून काय निकाह खोटा झाला?"

"निकाह खरा. तुझा व्हिडिओ खोटा."

"तो मत बुलाना अपनी शादी में," तो बोलला.

सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी बापानं स्वतः रुचिकाला फोन केला. पाइपाच्या तोंडाशी मासे मेलेत, लगेच या. मी शिफ्टवर होते. गोडाऊनमध्ये मला तिचा मेसेज आला, "ताई, मिळालं!!" मिळालं म्हणे. मासे मेले आणि हिला मिळालं.

शिफ्ट सुटल्यावर मी टेमघरला गेले. ताबिशनं मोठ्या पडद्यावर लावून दाखवलं. पाइपाचं तोंड, जांभळा गाळ, आणि गाळात पसरलेले शिंगाळे. माझा बाप कमरेवर हात ठेवून उभा. मग कॅमेरा एका माशाच्या जवळ गेला, अगदी जवळ, मिशा दिसतील इतका.

"थांबव," मी बोलले.

शिंगाळा म्हणजे मिशीवाला, बिनखवल्याचा मासा. पाठीवर एक काटा आणि दोन बाजूंना दोन, करवतीसारखे, विषारी. लागला तर हात खांद्यापर्यंत ठणकतो. म्हणून खाडीतला माणूस जाळ्यातून शिंगाळा काढला की पहिले काटे मोडतो. मग मासा टोपलीत. हे कोणी ठरवून करत नाही, जांभई आली की हात तोंडाकडे जातो तसं होतं. पण जो मासा पाण्यात विषानं मेला, जाळ्यात आलाच नाही, त्याचे काटे कोण मोडणार?

पडद्यावरच्या माशाचे तिन्ही काटे मोडलेले होते. मी पुढचा मासा बघितला. त्याचेही. सगळ्यांचे.

"हे मासे इथं मेले नाहीत," मी रुचिकाला बोलले. "हे आणून ठेवलेत."

ती खुर्चीत सरळ झाली. "म्हणजे?"

"म्हणजे काय ते तूच सांग. होडी उचलून ठेवलीस, तसे मासे ठेवलेस. बाजारातून आणलेस का?"

"ताई, तोंड सांभाळून बोला."

"मी तोंड सांभाळत नाही, हे तुला गावात कोणी सांगितलं नाही वाटतं."

ताबिश मध्ये पडला. "आपा, कसम से, आम्ही गेलो तेव्हा मासे तिथंच होते. हात पण नाही लावला."

मी काटे दाखवले. रुचिका पडद्याच्या जवळ गेली, बघितलं आणि विचारलं, "कुठले काटे?" तिला काटे असतात हेच माहीत नव्हतं. मी तिचं तोंड निरखून बघितलं. हे तोंड खोटं नव्हतं. ज्या बाईला काटा कुठं असतो ते माहीत नाही ती काटा मोडणार कशी? हे काम खाडीतल्या हाताचं होतं. आमच्यातल्या कोणाचं तरी.

आमच्यातला आणि डाईंगचाही, असा एकच माणूस होता. माझं डोकं लगेच तिकडं धावलं. दौलतकाकानं मुद्दाम ठेवले असतील. आम्ही फिल्म दाखवायची, आणि यानं भर सुनावणीत उठून काटे दाखवायचे. गाव खोटं, फिल्म खोटी, डाईंग खरी.

"हे कोणाला दाखवलंस अजून?" मी रुचिकाला विचारलं.

ती ताबिशकडे बघायला लागली. "दुपारी एक छोटी क्लिप टाकलीय. पेजवर."

"कुठला भाग?"

"क्लोजअप," ती बोलली. "तोच सगळ्यात चांगला आला होता."

मी रिक्षा पकडून थेट दौलतकाकाच्या ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे रस्त्याला लागून एक गाळा, टँकरची माणसं बाहेर पत्ते खेळत असतात. तो आत चहा पीत होता.

"काय गं हिरोईन, इकडं कुठं? डायरेक्टरनं हाकललं?"

"काका, पाइपाजवळ मासे मेलेत. आज सकाळी."

मी त्याच्या डोळ्यांकडे बघत होते. मला वाटलं होतं तो हसेल किंवा भोळेपणाचा आव आणेल. त्यानं कप ठेवला. चहा बशीत सांडला.

"आज? कशे मेले?"

"मला काय विचारता? तुमच्या डाईंगला विचारा."

आणि त्यानं खरंच विचारलं. मी समोर उभी आहे हे विसरून त्यानं भिंतीकडे तोंड करून फोन लावला. "अहो, सुनावणी होईपर्यंत पाणी सोडू नका बोललेलो ना मी? ... नाही सोडलं? मग मासे काय चहा पिऊन मेले? ... हां. बघा. नाहीतर सगळ्यांची लागेल."

फोन ठेवून तो वळला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर कोडं होतं. "ते बोलतात सोडलं न्हाय," तो मलाच सांगायला लागला, जशी मी त्याची माणूस. मग भानावर आला. "तू जा घरी. रामनाथदादाला सांग, मी येतो."

मी रस्त्यावर आले. दोन गोष्टी मला कळल्या होत्या. डाईंग पाणी सोडते, हे दौलतकाकाच्या तोंडून मी माझ्या कानांनी ऐकलं होतं, आणि माझा मोबाइल पर्समध्ये होता. ज्या पुराव्यासाठी गाव तरसत होतं तो माझ्या समोरून गेला आणि मी नुसती उभी. दुसरी गोष्ट अशी की मासे त्यानं ठेवले नव्हते.

मग उरलं कोण? त्या पाइपाजवळ सकाळी कोण गेलं होतं? फोन कोणी केला होता?

घरी बाप ओट्यावर पागाच्या घेराला शिशाचे मणी बांधत बसला होता. मी चपला पण काढल्या नाहीत.

"बाबा, शिंगाळे कोणी ठेवले?"

त्यानं धागा दातानं तोडला. "मी."

एवढं सरळ. मी भांडायच्या तयारीनं आले होते.

"कशाला?"

"मग काय करायचं? होळीमागं मासे मेले तवा ती बाई कुठं व्हती? आता तिचा कॅमेरा आला तर मासे न्हाय मरत. दौलतनं पाणी बंद करवलंय सुनावणीपर्यंत, माझ्याशिवाय कोणाला कळणार? खालच्या अंगाला पाग टाकला, शिंगाळे आले, ठेवले आणून. परत एकदा केलं. चालताना केलं, होडीत चढताना केलं, पाग टाकताना केलं. तिनं सगळं परत करून घेतलं, तू बाजूला उभी राहून सांगितलंस, 'बाबा, ती बोलते अजून एकदा.' तवा न्हाय खोटं झालं?"

"ते चालणं होतं, बाबा. हा पुरावा आहे."

"मासे मेले व्हते का न्हाय?"

"मेले होते."

"त्याच जागी?"

"त्याच."

"मग?"

"पण हे ते मासे नाहीत."

"मासा काय नाव लावून मरतो?"

आतून आई बोलली, "मी सांगितलं व्हतं त्याला, ठेवतोस तर काटे तरी राहू दे. हात ऐकतो काय त्याचा? मला बोलतो, सवयीनं मोडले."

म्हणजे आईलाही माहीत होतं. दोघं एक होते. मी पहारा कोणावर ठेवला होता? पुण्याच्या बाईवर.

मी रुचिकाला फोन करून सगळं सांगितलं. तिला रडू येईल किंवा राग येईल असं वाटलं होतं. ती बोलली, "ताई, घटना खरी होती ना? मग आपण काय खोटं दाखवतोय? लांबचे शॉट ठेवू, काटे दिसणार नाहीत."

"आणि जी क्लिप फिरतेय ती?"

"ती आता काढली तर लोक विचारतील का काढली. राहू दे. कोणाला कळणार आहे?"

"मासा खाणाऱ्या सगळ्यांना."

"साहेब लोक मासे साफ करून खातात, ताई."

तिच्या बोलण्यात दम होता, म्हणून जास्त चीड आली. मी काही देवमाणूस नाही. त्या घडीला मलाही वाटलं होतं, जाऊ दे, खपून जाईल. शेठ रोज खोटं बोलून जेवतो, आम्ही एकदा बोललो तर काय बिघडलं? पण खपणार नव्हतं, कारण दौलतकाका होता. तो बापाबरोबर त्याच होडीत वाढला. आणि एक गोष्ट मला सुचली ती तेव्हाच सुचली. ही फिल्म पकडली गेली तर रुचिका पुण्याला जाईल, दुसरी फिल्म करील. आमच्या होळीमागच्या खऱ्या माशांवर मात्र पुन्हा कोणी विश्वास ठेवणार नाही. आम्ही ते दुसऱ्यांदा मारले असते.

दुसऱ्या दिवशी दौलतकाका आला. उंबऱ्यातच उभा राहिला. मोबाइल बापासमोर धरला.

"दादा, हात ओळखला तुझा."

बापानं पडद्याकडे बघितलंच नाही.

"पाठचा काटा डावीकडं दाबून मोडतोस तू. पहिल्यापासनं. अख्ख्या खाडीत कोणी तसा मोडत न्हाय." दौलतकाकाचा आवाज मऊ होता, मला तो जास्त खटकला. "हे बघ, मना तुझी अब्रू घ्यायची न्हाय. सुनावणीला तू येऊ नको. त्या बाईला फिल्म गुंडाळायला सांग. मी काट्यांची गोष्ट काढत न्हाय, तू पाइपाची काढू नको. नाहीतर मना तिथं एवढंच विचारायचं हाय, काटे कोणी मोडले."

"झालं बोलून?" आईनं विचारलं.

"वहिनी, भल्यासाठी सांगतो."

"कोणाच्या?"

तो गेला. बाप मणी बांधत राहिला. सुनावणीपर्यंत त्यानं त्यावर एक शब्द काढला नाही. येणार का विचारलं तर बोलायचा, "बघू." खरं सांगते, मला त्याचाही संशय यायला लागला. गावात त्याला मान आहे. पंचाईत झाली की लोक त्याला बोलावतात. तो मान वाचवायला तो घरी बसेल, आणि आम्ही तिकडं हात हलवत बसू, असं मला वाटत होतं. मी रुचिकाला फिल्ममधून मासे पूर्ण कापायला लावले. ती बोलली, मग फिल्ममध्ये राहिलं काय? मी बोलले, आमच्या साड्या.

सुनावणी शाळेच्या हॉलमध्ये झाली. पुढं साहेब, त्यांचा लिहिणारा माणूस, शेठचा मॅनेजर आणि त्याच्या शेजारी दौलतकाका, इस्त्रीच्या शर्टात. साहेबांनी आल्या आल्या कॅमेरा बंद करायला लावला होता. ताबिश तो मांडीवर घेऊन बसला. बाप नव्हता. दरवाज्याकडे बघून बघून माझी मान अवघडली. रुचिका फिल्म लावायला लॅपटॉप जोडत होती तेव्हा तो आला, आईला घेऊन. बसला नाही.

"साहेब, फिल्मच्या आधी मना बोलायचं हाय."

साहेब बोलले, बोला.

"मोबाइलवर ते मेलेले शिंगाळे फिरतायत, ते मी ठेवले. माझ्या पागातले. काटे मी मोडले. होळीमागं खरे मेले व्हते, ते कोणी मानले न्हाय, म्हणून मी दुसरे ठेवले. बाईला माहीत नव्हतं. ते चुकलं माझं."

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. मागून कोणीतरी बोललं, "रामनाथ, तू पण?" बापाचे कान लाल झाले होते, पण तो उभाच राहिला. रुचिकानं लॅपटॉप मिटला.

दौलतकाका उठला. त्याचा डाव त्याच्या हातात राहिला नव्हता, तरी त्यानं टाकला. "ऐकलंत साहेब. ही अशी खोटी माणसं. हेच लोक तो पहिला व्हिडिओ घेऊन आलेले."

मी उभी राहिले. दौलतकाका फोनवर जे बोलला ते मी शब्दाला शब्द सांगितलं, चहा पिऊन मेलेल्या माशांसकट. लोक हसले. साहेबांनी विचारलं, "पुरावा आहे?"

"नाही. मी ऐकलंय."

"ही पण बापावर गेलीय," दौलतकाका बोलला.

"बाप खोटं वागला ते बापानं स्वतः सांगितलं," मी बोलले. "तुमचं कोण सांगणार, काका?"

मग बाप त्याच्याकडे वळला. "दौलत, होळीमागं काठावर आपण दोघं उभे व्हतो. तू नाकाला रुमाल लावलेलास. या लोकांसमोर बोल की मासे मेले न्हाय. मी घरी जातो."

दौलतकाका त्याच्याकडे बघत राहिला. भाऊ समोर आला की आमच्या लोकांना साहेब दिसत नाहीत, भाऊच दिसतो. त्याची मान ताठ झाली.

"मी कवा बोललो मेले न्हाय? मेले. पण ते काय रोज पाणी सोडतात काय? कवातरी सोडतात. तुम्ही असं करता जशी रोजच..."

मॅनेजरनं त्याचा शर्ट खाली ओढला. लिहिणाऱ्या माणसाचं पेन थांबलं होतं, त्यानं साहेबांकडे बघितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"लिहा," ते बोलले.

पुढं बरीच माणसं बोलली, जी आतापर्यंत फिल्म बोलेल म्हणून गप्प बसली होती. बायका बोलल्या. आई बोलली आणि खाली बसली नाही. शेवटी साहेब बोलले की विस्ताराचा निर्णय आज होणार नाही, आधी पाण्याचा नमुना घेतला जाईल, आणि या वेळी तो न सांगता घेतला जाईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बापानं नाही वाजवल्या, मी पण नाही.

मी हात वर केला.

"साहेब, न सांगता म्हणजे आम्हाला न सांगता, की डाईंगला पण न सांगता?"

साहेब कागद गोळा करत होते. मॅनेजर त्यांच्याकडे बघत होता.

"हे पण लिहायला सांगा," मी बोलले आणि उत्तर येईपर्यंत तशीच उभी राहिले.